जुन्या क्रेडिट कार्डाचा दावा आला? घाबरू नका, पण गप्पही बसू नका

नंदाखालच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, दुकानासाठी कार्ड वापरलं होतं, लॉकडाऊनच्या आधीच हप्ते थांबले. आता कोर्टाचा कागद आलाय. घर जाईल का?" व्हिडिओत उत्तर घाईत झालं, म्हणून इथे नीट सांगतो.

आधी बघा, कागद कोणता आहे?

वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस म्हणजेही दावा नव्हे. तिथे तडजोड करायची की नाही, हे तुमच्या हातात असतं. पण एकदा सही झाली की तो निवाडा अंतिम. त्यावर अपील नाही. म्हणून आकडा पटल्याशिवाय सही नको.

समन्सवर कोर्टाचं नाव, दाव्याचा क्रमांक आणि तारीख असते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतःचं नाव टाकून खात्री करा. २० लाखांच्या खालचं कार्डाचं प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जात नाही, दिवाणी कोर्टात येतं. आपल्याकडे ते बहुधा वसई कोर्ट. लवादाची नोटीस असेल आणि लवाद बँकेने एकटीनेच नेमला असेल, तर त्या नेमणुकीवर लेखी हरकत घ्या. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये अशा एकतर्फी नेमणुका अमान्य ठरवल्या आहेत.

दिवस मोजा

साध्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची. कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. समन्सवर 'ऑर्डर ३७' किंवा 'समरी सूट' लिहिलेलं असेल तर फक्त १० दिवसांत हजेरी नोंदवायची. पुढे बँक निकालासाठीचं समन्स बजावते, तेव्हा बचावाची परवानगी मागायला पुन्हा १० दिवस. इथेच बहुतेक जण चुकतात. बेलीफ आला की दार लावून घेतात. त्याने दावा थांबत नाही, एकतर्फी हुकूमनामा होतो. आणि हुकूमनाम्याची वसुली १२ वर्षांपर्यंत करता येते. एकतर्फी निकाल झालाच असेल तर तो रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत करा. समन्स नीट बजावलंच नसेल तर हे ३० दिवस तुम्हाला निकाल कळल्यापासून धरतात.

सगळ्यात मोठी ढाल: मुदत

१९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे असा दावा साधारणपणे ३ वर्षांत दाखल व्हावा लागतो. पण थांबा, 'तीन वर्षं झाली, सुटलो' असं म्हणू नका. कोरोनामुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने मोजणीतून वगळला आहे.

उदाहरण घ्या. समजा थकबाकी १० जून २०१८ पासून मोजायची आहे. एरवी मुदत जून २०२१ मध्ये संपली असती. १५ मार्च २०२० ला साधारण १५ महिने शिल्लक होते. ते १ मार्च २०२२ पासून पुढे मोजले की मे २०२३ ची अखेर येते. दावा एप्रिल २०२३ मध्ये दाखल झाला असेल तर तो मुदतीत, २०२५ मध्ये असेल तर मुदतबाह्य. समन्स तुम्हाला कधी मिळालं ते नाही, दावा दाखल कधी झाला ते बघायचं.

मुदतबाह्य दावा फेटाळणं हे कोर्टाचं कामच आहे. तरी कैफियतीत तारखांसह हा मुद्दा लिहाच.

दारात सही करताना दहादा विचार करा

वसुलीवाला म्हणतो, "पाचशे रुपये भरा आणि इथे सही करा, फाईल बंद करतो." मुदत संपायच्या आत कर्ज लेखी मान्य केलंत किंवा रक्कम भरलीत, तर ३ वर्षं नव्याने सुरू होऊ शकतात. मुदत संपल्यावर 'मी हे पैसे देईन' असं लिहून सही केलीत, तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे मेलेलं कर्ज पुन्हा जिवंत होतं. व्हॉट्सॲपवरही जपून लिहा. आणि सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

बँकेला काय विचारायचं?

- तुमच्या सहीचा अर्ज आणि कार्डाच्या अटी.
- सुरुवातीपासूनची स्टेटमेंट्स: मुद्दल किती, व्याज किती, दंड किती?
- छापील खातेउताऱ्याला कायद्याने लागणारं प्रमाणपत्र.
- कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर त्या हस्तांतराचा करार.

'३० टक्क्यांच्या वर व्याज बेकायदा' हा जुना मुद्दा आता चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मर्यादा रद्द केली.

घर जाईल का?

नुसत्या समन्सने काहीच जात नाही. आधी हुकूमनामा, मग दरखास्त, मग जप्ती. त्यातही कारागिराची हत्यारं, म्हणजे शिलाईकाम करणाऱ्या ताईंचं मशीन, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण यांना संरक्षण आहे. वाडी भावंडांत सामायिक असेल तर जप्ती तुमच्या हिश्श्यापुरतीच. पण दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर दुकानाचं कर्ज ते तुमचंच कर्ज, हे विसरू नका. नुसत्या थकबाकीसाठी पोलीस पकडत नाहीत. चेक वटला नसेल तर मात्र तो वेगळा फौजदारी मामला.

देणं खरं असेल, मुदतीतलं असेल, तर लढत बसण्यापेक्षा तडजोड बरी. पण ती लेखी हवी आणि पैसे भरल्यावर 'बाकी नाही'चा दाखला हवा.

एक सूचना: पतपेढीच्या कर्जाला हे सगळं लागू नाही. तिथे कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, तो रस्ता वेगळा.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. ताई, समन्सवर मिळाल्याची तारीख आजच लिहून ठेवा आणि उद्याच निघा. दिवस मोजले जातायत!