मूल गप्प गप्प राहतंय? मालेगावच्या पालकांनी काय करावं?

मालेगावात यंत्रमाग बंद पडले की अनेक घरांची कमाई थांबते. मोठ्यांनी बोलून दाखवलं नाही, तरी हा ताण मुलांना कळतो. त्यात दहावी-बारावीचं दडपण.

झोप उडणं, सतत चिडचिड, मित्रांना टाळणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनुसार १० ते १९ वयोगटात दर सातपैकी एकाला मानसिक आजार असतो.

मग काय करावं? उपदेश आणि तुलना टाळा, आधी ऐकून घ्या. जगणं नकोसं झालंय असं मूल म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नका. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येतं. पालकही फोन करू शकतात.