काळ्या वस्त्रांचे मौन : बंगळूरमधील स्त्रिया आणि शांततेचा लिंगभाव

एखादे प्रतीक एका संस्कृतीतून दुसरीत जाते तेव्हा त्याचा अर्थ जसाच्या तसा जात नाही. स्त्रियांच्या शांतता-आंदोलनांचा विचार करतानाही तौलनिक अभ्यासाचे हे सूत्र उपयोगी पडते. १९८८ साली जेरुसलेममध्ये इस्रायली स्त्रिया पॅलेस्टिनी प्रदेशावरील लष्करी ताब्याच्या निषेधार्थ काळी वस्त्रे परिधान करून चौकात मूक उभ्या राहू लागल्या. स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्ध १९७९ पासून कार्यरत असलेल्या बंगळूरच्या ‘विमोचना’ या संघटनेने, बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतरच्या (१९९२) काळात ही पद्धती आपलीशी केली.

जेरुसलेममध्ये काळा रंग शोकाचा होता. मराठी परंपरेत मात्र केशवपन केलेल्या विधवेचे आलवण तांबडे, तर काळी चंद्रकळा संक्रांतीची, सौभाग्याची. शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात काळा बुरखा हा अनेकींचा नित्याचा पोशाख. तात्पर्य, या शहरात काळे वस्त्र कोणा एका समाजाचे सुतक सुचवीत नव्हते. आपल्या आणि परक्या मृतांसाठी एकच शोक व्यक्त करण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली, असे म्हणता येईल.

मौनाचेही तसेच. ऑक्टोबर १९९४ मध्ये दूरदर्शनच्या बंगळूर केंद्रावरून उर्दू बातमीपत्र सुरू होताच शहरात दंगल उसळली आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. उर्दू, तमिळ व कन्नड जेथे शेजारी नांदतात, अशा शहरात भाषाच हिंसेचे निमित्त ठरली. मौन कोणत्याही एका भाषेचे नसते. म्हणून येथे त्याला विशेष मोल येते.

दंगलीच्या रूढ कथनात स्त्रीला दोनच भूमिका असतात : जिच्या अब्रूसाठी सूड घ्यावयाचा ती, किंवा घरात आक्रोश करणारी. हाच शोक उंबरठ्याबाहेर आला की ती साक्षीदार होते, आणि संरक्षण कोणाचे व कोणापासून, असा प्रश्न विचारू लागते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने स्त्रिया, शांतता व सुरक्षा यांविषयीचा ठराव १३२५ संमत केला तो ३१ ऑक्टोबर २००० रोजी. रस्त्यावरील हा आचार त्याच्या आधीचा. २००७ साली भारताने लायबेरियात स्त्रियांचे स्वतंत्र पोलीस पथक पाठविले. तेथे रक्षकाची भूमिका स्त्रीला मिळाली. भूमिका मात्र तीच राहिली.

तथापि एक मर्यादा नोंदविली पाहिजे. निवडलेले मौन आणि लादलेले मौन दुरून सारखेच दिसते. दिवसाची मजुरी बुडवून चौकात उभे राहणे जिला परवडत नाही, तिचे मौन साक्ष म्हणून वाचले जात नाही. ते वाचण्याची पद्धती घडविणे हे साहित्याभ्यासकाचेही कार्य आहे.