फेफरे आणि मातृत्व : लपवू नका, तयारी करा

लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीला फेफरे येते ही गोष्ट दडविली जाते. मग सासरी गोळ्या लपून घ्याव्या लागतात, चुकतात, आणि दिवस गेले की ‘लेकराला बाधतील’ म्हणून एकदम बंद होतात. यात दोन जिवांना धोका आहे, म्हणून आज आम्ही या विषयी लिहीत आहोत.

फेफरे ही बाहेरची बाधा नव्हे, मेंदूचा आजार आहे. अशा आईची बहुतेक मुले निरोगी जन्मतात. शंभरांत साधारण ३ ते ५ मुलांना पुढे फेफरे येऊ शकते. इतरांत हे प्रमाण १ ते २ असते. आपल्या देशातील एक मोठे कारण तर वंशातून येतच नाही. डुकराच्या मांसातून होणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून भाजीपाल्यावर व पाण्यात जातात आणि पोटात गेल्यावर मेंदूत गाठी करतात. म्हणून संडास वापरावा, डुकरे कोंडून पाळावीत, मांस पुरते शिजवावे, कच्ची भाजी नीट धुवावी.

खरी काळजी औषधाची. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आईच्या शंभरांपैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आढळते. एरवी २ ते ३ बाळांत. पुष्कळांची बुद्धीची वाढही मागे पडते. लॅमोट्रिजीन व लेव्हेटिरासेटॅम ही औषधे पुष्कळच सुरक्षित आहेत. परंतु बदल करावयाचा तो दिवस जाण्यापूर्वी, आणि डॉक्टरांनीच. स्वतःहून गोळी सोडल्यास मोठे झटके येऊन आई व बाळ दोघेही दगावू शकतात. फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यावे. आधीचे वर्षभर झटका आला नसेल, तर गरोदरपणातही तो न येण्याचा संभव मोठा असतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अशा गरोदर स्त्रियांची नोंद ठेवून अभ्यास होत आला आहे.

जांबोटीचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. महिनाभराच्या गोळ्या घरात असाव्यात. बाळंतपण दवाखान्यातच करावे. दिवस पावसाळ्यात भरत असतील तर आधीच बेळगावला नातेवाइकांकडे जाऊन राहावे. अंगावर पाजण्यास बहुधा हरकत नसते. आईने जमिनीवर चटई टाकून बसून पाजावे, बाळाला एकटीने न्हाऊ घालू नये, त्याला घेऊन चुलीजवळ वा विहिरीवर जाऊ नये. जागरणाने झटके वाढतात. म्हणून रात्रीची एक पाळी सासूबाईंनी वा नवऱ्याने घ्यावी.

हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने आलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये काढून टाकण्यात आला. आपल्या ख्रिस्तसभेच्या विवाहनियमांतही हा आजार अडथळा नाही. सहावे पोप पॉल यांच्या १९६८ च्या ‘ह्यूमाने व्हिते’ या परिपत्रकानुसार, गंभीर कारण असल्यास दांपत्याने नैसर्गिक मार्गाने मूल लांबविणे हेही जबाबदार पालकत्वच. मूल आता, पुढे, की नाहीच, हे पतिपत्नीने प्रार्थनापूर्वक व डॉक्टरांशी बोलून ठरवावे. शेजाऱ्यांनी नव्हे.

ज्या घरात सून उघडपणे गोळी घेऊ शकते, त्या घराची निम्मी तयारी झालीच असे आम्ही समजतो.