गळक्या फियाटचा खरा दोषी

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाट आणि पद्मिनी आज गळू लागल्या, की दोष गाडीच्या वयाला दिला जातो. खरा दोषी बहुधा रबर असते. जुने पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलमिश्रित इंधनासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. सोलापूरचा चाळिशीपारचा उन्हाळा त्यात भर घालतो. म्हणून गळका तुकडा तेवढा बदलणे अपुरे आहे. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप, क्लिपा आणि डायफ्रॅम एकदमच, इथेनॉल सोसणारे बसवावेत. खर्च थोडा वाढतो, पण शेजारचा पाइपही त्याच वयाचा असतो.

‘साबण लावला की गळती थांबते’ हा अनुभव खोटा नाही. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण तो पाण्याने धुऊन जातो, हादऱ्यांनी सुटतो. गॅरेज गाठण्यापुरताच त्याचा आधार. ‘थेंबच तर आहे’ हे मात्र घातक आहे. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडते आणि हवेपेक्षा जड असलेली ती वाफ गॅरेजच्या खड्ड्यात साचते. त्यामुळे काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून करावे. रिकामी टाकी तशीच वेल्डिंगला कधीही देऊ नका. आत उरलेली वाफच स्फोट घडवते. आणि हाताशी पाण्याची बादली नव्हे, कोरड्या पावडरचे अग्निशामक ठेवा.