गिऱ्हाईक गेलं, त्याचं आधार कुठं राहिलं?

समजा, घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर तुम्ही झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलंय. जुलै महिना, पीक विम्याची गर्दी. आधार, सातबारा, पासबुक, सगळं व्हॉट्सॲपवर येतंय. तुम्ही डाउनलोड करता, फॉर्म भरता, पावती देता. गिऱ्हाईक गेलं. फाईल तिथंच राहिली.

तुम्ही म्हणाल, 'सर, गावात कुणाचं काय लपून राहतं?' खरंय. कुणाची किती जमीन, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, हे पारावर कळतंच. पण पारावर कुणाचा खाते नंबर कळत नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर आधार, खातं, मोबाइल नंबर, सही, सगळं एका जागी आहे. फसवणारा फोनवर बँकेचं नाव आणि खातं बरोबर सांगतो, म्हणून तर आपला माणूस विश्वासानं ओटीपी देऊन बसतो.

24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढे 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्यातली आपल्या कामाची गोष्ट साधी आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरा, आणि काम संपलं की, दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितलं नसेल तर, पुसून टाका. विम्यासाठी आलेला नंबर परस्पर आपल्या ऑफरच्या ग्रुपात टाकणं यात बसत नाही. (हे मीही केलंय, खोटं कशाला बोलू.)

मग करायचं काय? दुकानाच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड आजच बंद करा, नाहीतर मावशीचं पासबुक गॅलरीतून तुमच्या गूगल फोटोजच्या बॅकअपला जाऊन बसतं. शटर ओढायच्या आधी डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन, दोन्ही रिकामं. नुसती ओळख दाखवायची असेल तिथं मास्क्ड आधार चालतं का बघा. त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. आणि बिघडलेल्या झेरॉक्स रद्दीत देऊ नका, फाडा. भज्याच्या पुडीवर आधार कार्ड मी स्वतः वाचलंय!

पुढच्या वर्षी कागद पुन्हा मागावे लागतील, हे खरं. मावशी कुरकुरतील, 'अवं, मागच्या साली दिले व्हते की!' सांगा, 'मावशी, काम झालं तसे पुसून टाकले.' मग त्या शेजारणीला काय सांगतात ते ऐका.