एका अक्षराची चूक: सिकलसेल नेमका होतो कसा?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा ज्यांचे इअरफोन पुन्हा हरवलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो होतो, ते इथे जरा साफ केलंय.

आजचा विषय माझ्या रक्ताचा आहे, आणि हे अगदी शब्दशः म्हणतोय. काही महिन्यांपूर्वी मी एक तपासणी केली. रिपोर्टवर दोनच अक्षरं महत्त्वाची होती: एएस. म्हणजे मी सिकलसेलचा वाहक आहे. मला आजार नाही. रोज ऑफिसला जातो, रविवारी क्रिकेट खेळतो. पण माझ्याकडे जी चूक आहे, तीच माझ्या मावसभावाकडे दोनदा आहे. त्याच्या रिपोर्टवर एसएस लिहिलंय.

आम्ही चंद्रपूरकडचे. हा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लहानपणी त्याचे हातपाय इतके दुखायचे की रात्रभर मावशी शेकत बसायची. शाळेत सर म्हणायचे, "अभ्यास नको म्हणून नाटकं करतो." घरचे म्हणायचे, अंगात रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या द्या. गोळ्या दिल्या, पण फरक पडला नाही. पडणार तरी कसा? अडचण लोहाची नव्हतीच. ती होती डीएनएमधल्या एका अक्षराची.

आता ते अक्षर बघूया.

आपल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं, हे शाळेत शिकलोय. एका पेशीत हिमोग्लोबिनचे साधारण 27 कोटी रेणू असतात. फुप्फुसात ऑक्सिजन उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा, हे त्यांचं काम. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं ओळीने जोडलेली असतात. ही ओळ कशी लावायची, याची सूचना 11 व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली असते. डीएनएची भाषा चार अक्षरांची, आणि तीन-तीन अक्षरांचा एक शब्द.

सहाव्या जागेवरचा शब्द हवा जीएजी. सिकलसेलमध्ये तिथे जीटीजी असतं. मधलं एक अक्षर बदललं, बस. आपल्या जनुकीय मजकुरात साधारण 300 कोटी अक्षरं असतात, त्यातलं हे एक.

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे एका अक्षराने सगळं कसं कोसळतं ते मला नवीन नाही. पण इथे कोसळण्याची पद्धत वेगळी आहे. जीएजी म्हणजे ग्लुटामिक आम्ल, ज्याला पाणी आवडतं. जीटीजी म्हणजे व्हॅलिन, जे पाण्यापासून लांब पळतं. म्हणजे हिमोग्लोबिनच्या अंगावर एक चिकट ठिपका तयार होतो. रेणूजवळ ऑक्सिजन असतो तोवर फारसं बिघडत नाही. ऑक्सिजन देऊन टाकला की रेणूचा आकार थोडा बदलतो, आणि तो चिकट ठिपका शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतो. त्याला तिसरा चिकटतो, मग चौथा. पेशीच्या आत लांबच लांब दोरखंड तयार होतात आणि गोल, मऊ पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी, कडक होते. सिकल म्हणजे विळाच.

आता ही विळ्यासारखी पेशी केसापेक्षाही बारीक रक्तवाहिनीतून कशी जाणार? ती अडकते. मागच्या पेशीही अडकतात आणि पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही. त्या जीवघेण्या दुखण्याला डॉक्टर क्रायसिस म्हणतात. पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला, जास्त दमलं, की हे होऊ शकतं. शिवाय चांगली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी. हळूहळू प्लीहा निकामी होते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

म्हणजे साखळी बघा: एक अक्षर, एक अमिनो आम्ल, एक चिकट ठिपका, एक वाकडी पेशी, आणि रात्री तीन वाजता रडणारं एक पोरगं. त्यात नाटक कुठेच नव्हतं.

हे कळलं कसं, तेही थोडक्यात सांगतो. 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी या विळ्यासारख्या पेशींचं वर्णन छापलं. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णाचं हिमोग्लोबिनच वेगळं आहे. आजाराचं मूळ थेट एका रेणूत सापडण्याची ही पहिली वेळ. मग 1957 मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललंय ते शोधलं. भारतात हा आजार 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. महाराष्ट्रात तो विदर्भात आणि नंदुरबारकडे बराच आढळतो.

मग प्रश्न येतो, इतकी वाईट चूक हजारो वर्षं टिकली कशी?

उत्तर आहे मलेरिया. ज्याच्याकडे ही चूक एकदाच आहे, म्हणजे माझ्यासारखा वाहक, त्याला फाल्सिपेरम मलेरियाचा गंभीर झटका बसण्याची शक्यता बरीच कमी असते. 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. जिथे डास आणि मलेरिया भरपूर, तिथे वाहक जास्त जगले, त्यांना मुलं झाली, आणि चूक पुढे गेली. माझ्या कुठल्यातरी खापरपणजोबाला कदाचित याच अक्षराने वाचवलं असेल. म्हणून कुणी "यांच्या रक्तातच दोष आहे" असं म्हणालं की मला हसू येतं. आणि रागही येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. जरा लक्ष देऊन वाचा.

या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही चांगल्या तर एए. एक बिघडलेली तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बिघडलेल्या तर एसएस, म्हणजे आजार. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. फार उंचीवर जाताना किंवा पाणी न पिता अतोनात कष्ट करताना काळजी घ्यायची, इतकंच.

एक एएस आणि एक एए असेल, तर मुलाला सिकलसेल आजार होत नाही. फार तर वाहक होईल. दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता आजाराची, 50 टक्के वाहकाची, 25 टक्के पूर्ण मोकळं असण्याची. "प्रत्येक" या शब्दावर जोर द्या. पहिल्याला झाला म्हणजे पुढचे तीन सुटले, असं नसतं. नाणं दरवेळी नव्याने उडतं. मावशीला हेच कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आणि जोडीदार बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मुलाला सिकलसेलचा आजार होऊ शकतो, म्हणून दोन्ही तपासा.

मी तपासणीला निघालो तेव्हा मावशी म्हणाली, "काहून करून राहिला टेस्ट? तुले त काई होत नाई." तिचं बरोबर होतं, मला काही होत नाही. प्रश्न पुढच्याचा आहे.

तपासणीत आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळतं की रक्तात एस आहे. एएस की एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावरच कळतं. त्यामुळे पहिल्या रिपोर्टवर घाबरू नका आणि तिथेच थांबूही नका. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, त्यात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

उपचार आहेत. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीने बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं. ते एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून क्रायसिस कमी होतात. भाऊ ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतो. जुळणारा दाता मिळाला तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट करता येतं. 2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्परवर आधारलेल्या जीन एडिटिंग उपचाराला मंजुरी मिळाली. गंमत म्हणजे त्यात ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करतच नाहीत. बाळपणीचं हिमोग्लोबिन बंद करणारं बटण तेवढं निकामी करतात. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. म्हणजे आपल्यासाठी आज तरी तपासणी आणि गोळी हेच खरं.

शेवटचं. सध्या घरी माझ्या लग्नाचं बघतायत. मध्यस्थ काका आईला म्हणाले, "रिपोर्टचं बोलू नका, स्थळ मोडेल." मी त्या मुलीला सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली आणि वर जे लिहिलंय ते सगळं सांगितलं. हा एपिसोड त्या व्हॉइस नोटमधूनच तयार झालाय. तिने ऐकलं, चार प्रश्न विचारले, आणि स्वतः जाऊन तपासणी करून आली.

तिचा रिपोर्ट काय आला, ते मी इथे सांगणार नाही. तो तिचा आहे. पण दोघेही एएस निघालो असतो तरी रस्ते होते: गरोदरपणात लवकर गर्भाची तपासणी, समुपदेशन, किंवा समजून-उमजून घेतलेला वेगळा निर्णय. न सांगता केलेल्या लग्नात यातलं काहीच हातात राहत नाही.

तर मंडळी, पत्रिका बघायची तर खुशाल बघा. सोबत हे दोन अक्षरांचे रिपोर्टही शेजारी ठेवा. आणि वर्गात, ऑफिसात कुणी सारखं दुखतंय म्हणून सुट्टी घेत असेल, तर "नाटक" हा शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आधी एक क्षण थांबा.

भेटूया पुढच्या भागात. पाणी पीत राहा!