एप्रिलच्या दुपारी लोहगाव, कळसूबाईच्या उंचीवर

सासवड रस्त्याने जाताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून वर चढणारं ग्लायडर अनेक पुणेकरांनी पाहिलं असेल. त्याला इंजिन नसतं. जमिनीवरची विंच त्याला तारेने ओढून वर चढवते, वर गेल्यावर तार सुटते, आणि मग ते तापलेल्या हवेच्या झोतांवर घिरट्या घेत राहतं. तरीही लाइट स्पोर्ट विमानाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘इंजिन बंद पडलं तर?’ विमान दगडासारखं खाली येतं, ही समजूत निदान पुण्यात तरी टिकायला नको होती.

इंजिन थांबलं की विमान उताराला लागतं, एवढंच. मुंबईच्या आरोही पंडितने मे 2019 मध्ये स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडापर्यंत एकटीने अटलांटिक ओलांडला. लाइट स्पोर्ट विमानातून असं करणारी ती जगातली पहिली स्त्री. तिचं ‘माही’ विमान म्हणजे पिपिस्ट्रेल कंपनीचं सायनस. वारा नसेल तर अशा विमानाला इंजिनाशिवाय 1 किलोमीटर उंचीवरून 25 किलोमीटरच्या पुढे जाता येतं. आखूड पंखांच्या बऱ्याच विमानांना याच्या निम्मंही जमत नाही. खरा घात होतो तो घाबरून नाक वर ओढल्याने. वेग जातो, हवा पंखाला धरून वाहेनाशी होते, विमान ‘स्टॉल’ होतं, आणि जमिनीजवळ सावरायला उंची उरत नाही. म्हणून इंजिन थांबताच आधी नाक खाली करून वेग राखायचा. उतरायला शेत शोधायचं ते त्यानंतर.

‘लाइट’ म्हणजे खेळण्यातलं, हाही गैरसमज. अमेरिकेने 2004 मध्ये या वर्गाला 600 किलो वजन, दोन जागा, एक इंजिन अशी चौकट घातली आणि ती पुढे जगभर रुळली. आपल्याकडे अशा विमानालाही नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएची नोंदणी आणि वैमानिकाला परवाना लागतो.

पेट्रोलचं पाहा. या विमानांत बहुधा रोटॅक्स 912 इंजिन असतं आणि ते मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, हे खरंच आहे. त्यावरून कोपऱ्यावरच्या पंपावर कॅन भरून आणला की झालं, असं लोक धरून चालतात. पण या इंजिनाला इथेनॉल चालतं ते 10 टक्क्यांपर्यंत, आणि आपल्या पंपांवर आता 20 टक्क्यांचं मिश्रण मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, रबरी नळ्यांना त्रास देतं. विमानाचं म्हणून मिळणारं अ‍ॅवगॅस चालतं, पण त्यात शिसं असल्याने इंजिनाचं ऑइल लवकर बदलावं लागतं. ‘कमी उडवलं तर कमी झिजेल’ हा हिशेबही या इंजिनाला लागू नाही. मोठ्या दुरुस्तीची मुदत 2000 तास किंवा 15 वर्षं, जे आधी भरेल ते. रबरी नळ्या तर दर 5 वर्षांनी बदलायच्याच. पावसाळाभर नुसतं उभं राहिलेलं इंजिन दर आठवड्याला उडणाऱ्या इंजिनापेक्षा मला जास्त संशयास्पद वाटतं.

पण पुण्यात सगळ्यात घातक समजूत मला वाटते ती एप्रिलच्या निरभ्र दुपारची. ढग नाही, पाऊस नाही, मग उडायला याहून चांगली वेळ कोणती? पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 590 मीटर उंचीवर आहे. पारा 40 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती सुमारे 1650 मीटर उंचीवरची हवा ठरते. म्हणजे जवळजवळ कळसूबाईचा माथा! इंजिनाला हवा कमी, प्रोपेलरला पकड कमी, पंखांना उचल कमी. सकाळी 7 वाजता ज्या धावपट्टीवरून विमान आरामात उचललं, तिथेच ते दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन दुपारी धावतच राहतं, आणि उचललं तरी समोरच्या टेकडीपेक्षा हळू चढतं. ग्लायडरला वर नेणारे झोत या हलक्या विमानाला उतरताना गदागदा हलवतात ते वेगळंच. वजन आणि तापमान मांडून धावपट्टी किती लागेल ते आधी कागदावर काढणं, हीच यावरची तोड.

आणि विमान आपलं म्हणून आकाश आपलं होत नाही. लोहगावचा तळ हवाई दलाचा. प्रवासी विमानं तिथे पाहुणी. हलक्या विमानाच्या उड्डाणासाठीही हवाई संरक्षण परवानगीचा क्रमांक, एडीसी, घ्यावा लागतो. रविवारी सकाळी वाटलं आणि सिंहगडावर चक्कर मारून आलो, असं होत नाही.

स्कूटरसारखी किल्ली फिरवून निघताही येत नाही. रोटॅक्सचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं. स्विच बंद आहेत याची खात्री करून प्रोपेलर हाताने, त्याच्या फिरण्याच्या दिशेने, सावकाश फिरवायचा. पुन्हा फिरवायचा. टाकीतून गुडगुड आवाज आला की ऑइल परत आलं. त्यानंतरच पट्टी काढून पातळी बघायची. मग इंधनाच्या टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरायचं. तळाशी पाण्याचा एक थेंब जरी दिसला, तरी स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत पुन्हा काढायचं.